ऑस्करनंतरची सात वर्षे : रिटा मोरेनो यांची कारकीर्द कशी पाहावी

तुम्ही विचारले आहे की, १९६२ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या, प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या अभिनेत्री रिटा मोरेनो यांना त्यानंतर कित्येक वर्षे हॉलिवूडमध्ये धड काम का मिळाले नाही, असे असूनही त्या नव्वदीपर्यंत कॅमेऱ्यासमोर कशा उभ्या राहिल्या, आणि अभिनय शिकणाऱ्याने त्यांची नेमकी कोणती कामे पाहावीत. मी अठ्ठावीस वर्षे अभिनय शिकवते आहे, त्याआधी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केले आहे, आणि मोरेनो यांचे काही प्रवेश मी दरवर्षी नव्या तुकडीला दाखवते. त्यामुळे उत्तर लांबेल. पण ते लांबायलाच हवे, कारण ही कारकीर्द पुरस्कारांच्या यादीतून कळत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, ऑस्करने त्यांना मान दिला, पण त्यांच्याकडे पाहण्याची स्टुडिओची नजर बदलली नाही. एकाच साच्यातल्या भूमिका पुन्हा पुढे आल्या तेव्हा त्यांनी नकार दिला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तर आज त्यांच्याविषयी आपण बोलत नसतो. चित्रपटाला नकार देतानाच त्या रंगभूमी, मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम, विनोदी मालिका, बाहुल्यांचा खेळ अशा ज्या ज्या ठिकाणी काम होते तिथे गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण ताकदीने उभ्या राहिल्या. नकार देणारे पुष्कळ असतात; नकार देऊन हात रिकामा न ठेवणारे फार थोडे.

आता सुरुवातीपासून. त्यांचे मूळ नाव रोसा डोलोरेस अल्वेरियो. जन्म ११ डिसेंबर १९३१, प्वेर्तो रिकोतील उमाकाओ या गावी. आई शिवणकाम करणारी. १९३६ मध्ये आई पाच वर्षांच्या रोसाला, म्हणजे घरच्या लाडक्या रोसिताला, घेऊन बोटीने न्यूयॉर्कला आली; धाकटा भाऊ वडिलांकडे मागे राहिला आणि त्याची भेट पुन्हा कधीच झाली नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. प्वेर्तो रिको बेटावरील लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. म्हणजे ही मुलगी कायद्याने परदेशी नव्हतीच. ती एका अमेरिकी भूभागातून दुसऱ्या अमेरिकी भूभागात आली होती. तरीही तिचा रंग, तिचे उच्चार आणि तिचे आडनाव यांवरून ती ‘बाहेरची’ ठरली, आणि स्टुडिओनेही पुढे तिला बाहेरचीच मानले.

न्यूयॉर्कमध्ये तिला पाको कान्सिनो यांच्याकडे स्पॅनिश नृत्य शिकायला घातले. हे कान्सिनो म्हणजे रिटा हेवर्थ या प्रसिद्ध अभिनेत्रीचे काका. वयाच्या अकराव्या वर्षी ती अमेरिकी चित्रपटांच्या स्पॅनिश आवृत्त्यांसाठी डबिंग करू लागली, आणि तेराव्या वर्षी, १९४५ मध्ये, ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, ‘स्कायड्रिफ्ट’ या नाटकात उभी राहिली. विद्यार्थ्यांना मी हे वर्ष फळ्यावर लिहून दाखवते. पडद्यावर पाऊल ठेवण्याआधीच तिच्याजवळ तीन गोष्टी तयार होत्या : पायांत ताल, कानात दोन भाषा, आणि दुसऱ्याच्या ओठांवर आपला आवाज बसवण्याची सवय. डबिंग केलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. श्वास कुठे तोडायचा हे ज्याला पडद्यावरचा माणूस शिकवतो, त्याचे टाइमिंग सहसा चुकत नाही.

सोळा-सतरा वर्षांची असताना एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्याशी तिची भेट झाली. त्या भेटीला जाताना तिने तेव्हाची तारका एलिझाबेथ टेलर हिच्यासारखी वेशभूषा आणि केशरचना केली होती, आणि मेयर यांना ती ‘स्पॅनिश एलिझाबेथ टेलर’च वाटली. करार झाला. रोसिताची रिटा झाली, सावत्र वडिलांचे मोरेनो हे आडनाव होतेच. पण कराराच्या त्या पहिल्याच क्षणी काय घडले ते पाहा. तिला कामावर घेतले ते दुसऱ्या कुणाची तरी आठवण म्हणून, आणि त्या आठवणीच्या मागे ‘स्पॅनिश’ हे विशेषण लावून. पुढच्या दहा वर्षांचा आराखडा त्या एका वाक्यात होता.

या दशकाला मी फार वेळ देणार नाही. ताहितीची मुलगी, अमेरिकेतील मूळ रहिवाशांची मुलगी, कुठल्याशा बेटावरची अनवाणी प्रेयसी, ‘द किंग अँड आय’ (१९५६) मध्ये ब्रह्मदेशातून सयामच्या राजाला भेट म्हणून आलेली तुप्तिम. देश बदलत राहिले, भूमिका एकच राहिली : गोऱ्या नायकावर जीव टाकायचा आणि शेवटी बाजूला व्हायचे. बोलायचे कसे हे कुणी सांगत नसे, म्हणून या सगळ्या मुलींसाठी त्यांनी एकच मोडका उच्चार तयार केला होता आणि तोच सगळीकडे चालून गेला, असे त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितले आहे. ब्रह्मी आणि ताहितीयन माणूस एकाच हेलात बोलतो यात कुणाला काही खटकले नाही, कारण ऐकणाऱ्याला तो फरक हवाच नव्हता.

याच काळातला एक अपवाद मात्र आवर्जून पाहा. ‘सिंगिन इन द रेन’ (१९५२) मध्ये त्या झेल्डा झँडर्स ही छोटी भूमिका करतात. झेल्डा कुठली आहे हे कुणी विचारत नाही. ती चित्रपटसृष्टीतली एक चुणचुणीत, चहाडखोर नटी आहे, बस. उच्चार सरळ अमेरिकी. चित्रपटाचे नायक आणि सहदिग्दर्शक जीन केली यांनी ती भूमिका देताना त्यांच्या वंशाचा विचारच केला नाही, हे त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले आहे. अशी संधी त्यांना नियमित मिळाली असती तर काय झाले असते, हे समजायला ती दोन-चार मिनिटे पुरतात.

हे वाचताना मराठी नट-नट्यांना काहीतरी ओळखीचे वाटेल. हिंदी चित्रपटांत आणि मालिकांत मराठी बाईला धुणी-भांडी करणारी बाई म्हणून आणि मराठी पुरुषाला हवालदार म्हणून उभे करण्याची रीत जुनी आहे. माझी एक विद्यार्थिनी, उत्तम आवाजाची, शेक्सपिअरचे प्रवेश ताकदीने करणारी, एका हिंदी मालिकेच्या ऑडिशनला गेली होती. तिला सांगितले गेले की, हिंदी फार शुद्ध येते तुझी, जरा ‘बाई’सारखी बोल. ती परत आली तेव्हा रडली नाही, पण तीन दिवस वर्गात तिचा आवाज बसलेला होता. मी तेव्हा तिला मोरेनो यांची गोष्ट सांगितली. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, प्वेर्तो रिकोच्या माणसाला अमेरिकेत जे सोसावे लागले त्याची बरोबरी मी करत नाही. परंतु नटाच्या घशावर होणारा परिणाम मला सारखा दिसतो. जो उच्चार आपला नाही तो आपलाच आहे असे सांगितले गेले, की आवाजाची पट्टीच हरवते.

आता ‘वेस्ट साइड स्टोरी’ (चित्रपट १९६१). न्यूयॉर्कमधल्या दोन टोळ्यांच्या वैराची ही संगीतकथा : प्वेर्तो रिकोच्या मुलांची शार्क्स आणि गोऱ्या मुलांची जेट्स. बर्नार्डो हा शार्क्सचा म्होरक्या, अनिता त्याची प्रेयसी, आणि मारिया त्याची बहीण, जिचे जेट्सच्या बाजूच्या मुलावर प्रेम आहे. १९५७ च्या ब्रॉडवे प्रयोगांत अनिताची भूमिका चिता रिव्हेरा यांनी केली होती. चित्रपटासाठी मोरेनो यांचे नाव पुढे आले ते नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांच्यामुळे. ‘द किंग अँड आय’मधली नृत्ये त्यांनीच बसवली होती. पण मोरेनो यांचा नृत्याचा सराव बरीच वर्षे सुटला होता, आणि त्यांना येत होते ते स्पॅनिश नृत्य, जॅझ नव्हे. निवड चाचणीपूर्वी त्या विद्यार्थिनीसारख्या पुन्हा तालमीला लागल्या. ‘अमेरिका’ या गाण्याचे मूळ नाटकातले शब्द प्वेर्तो रिकोला कुरूप आणि रोगट बेट म्हणणारे होते, आणि आपल्या आईच्या देशाविषयी हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, भूमिका सोडावी लागली तरी चालेल, असे त्यांच्या मनात होते. चित्रपटासाठी गीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांनी ते शब्द बदलले आणि प्रश्न सुटला. अनिता मिळणे म्हणजे आयुष्य बदलणे होते, आणि तरीही एका कडव्यासाठी त्या ती सोडायच्या विचारात होत्या. ऑस्करनंतर त्यांनी जे नकार दिले त्यांची मुळे इथे आहेत.

रंगपटातला प्रसंगही याच चित्रपटाचा. शार्क्स टोळीतल्या सगळ्यांना, मग नट ग्रीक वंशाचा असो की प्वेर्तो रिकोचा, एकाच गडद तपकिरी रंगाने रंगवले जात होते. मोरेनो यांची कांती त्यापेक्षा बरीच उजळ. त्यांनी रंगभूषाकाराला सांगितले की, आमच्याकडे गोरे, सावळे, काळे सगळ्या रंगांचे लोक असतात. त्यावर त्याने उलट त्यांनाच विचारले की, तुम्ही वंशद्वेषी आहात का? त्या गप्प झाल्या. संपूर्ण चित्रपट त्यांनी तो लेप लावून केला. मारियाची भूमिका नताली वुड यांनी केली, ज्या रशियन स्थलांतरितांच्या कन्या होत्या. बर्नार्डो झाले जॉर्ज चाकिरिस, ग्रीक वंशाचे. प्रमुख भूमिकांत प्वेर्तो रिकोची बाई एकच होती, आणि तिलाही प्वेर्तो रिकोची ‘दिसण्यासाठी’ रंगवावे लागले.

आणि तरीही ते काम पाहा. गच्चीवरच्या ‘अमेरिका’ या नृत्यात चित्रपटाने नाटकापेक्षा वेगळी रचना केली : एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे, आणि वाद नृत्यातून. मोरेनो यांचा जांभळा घेर कुठे उडतो याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून फक्त मान आणि खांदे पाहायला सांगते. बर्नार्डोला उत्तर देताना आधी हनुवटी वळते, मग खांदा, मग कंबर, आणि पाय सगळ्यात शेवटी. विचार आधी येतो आणि शरीर त्याच्यामागून जाते, म्हणून ती नाचते आहे असे वाटण्यापेक्षा ती भांडते आहे असे वाटते. नृत्य जाणणारे पुष्कळ असतात. नृत्यात वाद घालू शकणारी नटी विरळा.

दुसरा प्रवेश डॉक या दुकानदाराच्या दुकानातला, जिथे जेट्सची पोरे जमतात. बर्नार्डोचा खून झाला आहे, आणि तरीही मारियासाठी अनिता शत्रूच्या अड्ड्यावर निरोप घेऊन आली आहे. तिची पहिली वाक्ये अगदी खालच्या पट्टीत आहेत, सभ्य, जवळजवळ विनवणीची. जेट्सची पोरे तिला अडवतात, चिडवतात, तिच्या बोलण्याची नक्कल करतात, आणि पुढे तिच्यावर तुटून पडतात. डॉक येऊन थांबवतो. मग ती उठते, आणि ज्या निरोपाने सगळे वाचले असते तो न देता, मारिया मेली असे खोटे सांगते. चित्रीकरणात हा प्रवेश करताना त्यांना रडू आवरेना आणि काम थांबवावे लागले. लहानपणापासून रस्त्यावर ऐकलेले शब्द एकदम वर आले, असे त्यांनी सांगितले आहे. पण पडद्यावर जे उरले ते रडणे नाही. उठून उभे राहिल्यावरचा त्यांचा चेहरा पाहा. राग आहे, परंतु त्याखाली एक प्रकारचा थंड निर्णय आहे. माझ्या तालमींत मी नटांना सांगत असते की, अश्रू खरे असणे हे तुमचे काम नाही, निर्णय खरा असणे हे तुमचे काम आहे. त्याचे याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘अमेरिका’ त्यांनी स्वतः गायले, पण ‘अ बॉय लाइक दॅट’ या गाण्याची पट्टी त्यांच्या आवाजाला फार खाली पडत होती आणि तिथला आवाज बेटी वँड यांचा आहे. जाणकार कानाला फरक कळतो. त्या काळात ही रीत सर्रास होती, नताली वुड यांची गाणीही मार्नी निक्सन यांनी गायली.

चित्रपटाला दहा ऑस्कर मिळाले. ९ एप्रिल १९६२ रोजी मोरेनो यांचे नाव पुकारले गेले तेव्हा त्या फिलिपिन्समधले चित्रीकरण सोडून आलेल्या होत्या. आपल्याला मिळेल असे वाटलेच नव्हते, त्यामुळे भाषण तयार नव्हते. विश्वासच बसत नाही, एवढ्याच अर्थाचे दोन-तीन शब्द बोलून त्या खाली उतरल्या. अभिनयासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळे असलेल्या पहिल्या स्त्री.

आणि मग तुमच्या प्रश्नातली वर्षे. फिलिपिन्समधला तो चित्रपट, ‘क्राय ऑफ बॅटल’, १९६३ मध्ये आला. त्यानंतर दशक संपत येईपर्यंत चित्रपट नाही. या काळाला त्या स्वतः सात वर्षांचा काळ म्हणतात. भूमिका येत नव्हत्या असे नाही. येत होत्या त्या सगळ्या टोळीयुद्धांच्या स्वस्त चित्रपटांतल्या, अनिताच्या फिकट नकला. स्टुडिओचा हिशेब असा होता की, लोकांना हिचे हे रूप आवडले आहे, तर हेच पुन्हा द्या. पुरस्काराविषयी आपल्याकडेही असा समज असतो की, तो मिळाला की दारे उघडतात. प्रत्यक्षात, ज्या खोलीत नट आधीच उभा आहे तीच खोली पुरस्काराने जास्त उजळते. दुसरी खोली असावी लागते, आणि त्या काळी हॉलिवूडमध्ये लॅटिना नटीसाठी दुसरी खोली बांधलेलीच नव्हती. लेखक तशा स्त्रिया लिहीत नव्हते, निर्माते मागत नव्हते. दोष एका माणसाचा असता तर तो माणूस बदलून भागले असते.

त्या वर्षांत त्यांनी काय केले? १९६४ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडमध्ये ‘शी लव्हज मी’ हे संगीत नाटक केले. त्याच वर्षी ब्रॉडवेवर ‘द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो’ केले. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चात त्या प्रत्यक्ष हजर होत्या. १९६५ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ लेनर्ड गॉर्डन यांच्याशी विवाह झाला, मुलगी झाली. चित्रपटात त्या परतल्या त्या छोट्या आणि मधल्या भूमिकांत. ‘कार्नल नॉलेज’ (१९७१) मध्ये तर शेवटच्या एकाच प्रवेशात दिसतात, आणि तो प्रवेश विसरता येत नाही. भूमिकेची लांबी त्यांनी मोजली नाही. भूमिका माणसाची आहे की साच्याची, एवढेच पाहिले.

१९७१ मध्ये ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ सुरू झाले, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे खरे वळण हे आहे. ‘सेसमी स्ट्रीट’ करणाऱ्या संस्थेचाच हा कार्यक्रम, थोड्या मोठ्या, वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी. ऑस्कर मिळालेली अभिनेत्री सार्वजनिक वाहिनीवर मुलांना अक्षरे शिकवायला बसली, हे ऐकून पुष्कळांना ती उतरती पायरी वाटेल. पण तिथे त्यांच्याबरोबर कोण होते पाहा : तेव्हा फारसे परिचित नसलेले मॉर्गन फ्रीमन. आणि काम कसले होते? एकाच भागात पाच-सहा पात्रे, प्रत्येक अर्ध्या मिनिटाचे, प्रत्येकाचा आवाज, चाल, लकब वेगळी. ‘हे, यू गाइज!’ ही त्यांची आरोळी एका पिढीच्या कानात बसली. अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांचा मराठी माणूस भेटला आणि त्याचे बालपण तिथे गेले असेल, तर त्याला मोरेनो ऑस्करमुळे नव्हे, या आरोळीमुळे आठवतात. हे मी स्वतः अनुभवले आहे. सहा पर्वे, १९७७ पर्यंत. या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेसाठीच त्यांना ग्रॅमी हा ध्वनिमुद्रणांचा पुरस्कार मिळाला. दहा वर्षे एका उच्चारात कोंडलेल्या नटीला इथे आठवड्याला पन्नास उच्चार करायची मोकळीक मिळाली. जे हात कॅमेऱ्यासमोर बांधले गेले होते, ते मुलांच्या कार्यक्रमात सुटले.

त्या सुटलेल्या हातांनी त्यांनी गूगी गोमेझ उभी केली. ही प्वेर्तो रिकोची, बेसूर, स्वतःला महान तारका समजणारी गायिका. हा आवाज त्या मित्रमंडळींत गमतीने करायच्या. नाटककार टेरेन्स मॅकनॅली यांनी तो एका मेजवानीत पाहिला आणि ‘द रिट्झ’ या फार्समध्ये तिच्यासाठी जागा केली. १९७५ मध्ये या भूमिकेसाठी टोनी हा ब्रॉडवेचा पुरस्कार मिळाला. विद्यार्थी इथे हमखास विचारतात, आणि योग्यच विचारतात, की ज्या मोडक्या उच्चाराला त्यांनी आयुष्यभर विरोध केला तोच उच्चार इथे दुप्पट जोराने का? माझे उत्तर असे की, उच्चार कुणाच्या हातात आहे याने अर्थ बदलतो. पन्नासच्या दशकात तो लेखकाच्या अज्ञानातून येत होता आणि नटीला तो झाकता येत नव्हता. गूगीमध्ये नटी तो उचलून, वाढवून, त्या अज्ञानाच्याच तोंडावर परत टाकते, आणि त्यांनी स्वतः तसे सांगितलेही आहे. शिवाय गूगी कुणासाठी मरत नाही, कुणाच्या पाया पडत नाही; तिला काम हवे आहे, आणि त्यासाठी ती कुणालाही आडवे करील. सगळे प्रेक्षक हसतात ते तिच्या हट्टाला.

१९७७ मध्ये ‘द मपेट शो’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमासाठी एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्कर, ग्रॅमी, टोनी, एमी हे चारही पुरस्कार मिळवणाऱ्या त्या जगातल्या तिसऱ्या व्यक्ती झाल्या, आधीचे दोघे संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि अभिनेत्री हेलन हेज. पुढच्याच वर्षी ‘द रॉकफर्ड फाइल्स’ या मालिकेसाठी दुसरा एमी. पण पुरस्कारापेक्षा मपेटच्या त्या भागातले ‘फीव्हर’ हे गाणे पाहा. काळोख्या मंचावर त्या संथ, धुंद सुरात गात आहेत आणि मागे अ‍ॅनिमल नावाची बाहुली ढोल वाजवते आहे. दर दोन ओळींनंतर तो भलत्या जोरात वाजवतो. त्या ताल सोडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. फक्त डोळे हळूच मागे वळतात. दुसऱ्या वेळी थोडे जास्त. तिसऱ्या वेळी मान. शेवटी दोन झांजा उचलून त्याचे डोके मध्ये चेपतात. विनोदात राग किती उशिरा दाखवायचा याचा हा धडा आहे, आणि समोरचा सहकलाकार कापड-फोमचा आहे हे प्रेक्षक विसरतो, कारण त्यांनी त्याला क्षणभरही बाहुली मानलेले नाही.

ऐंशी आणि नव्वदचे दशक मी भरभर ओलांडते. ‘द फोर सीझन्स’ (१९८१) हा चित्रपट चांगला आहे. ‘कारमेन सँडिएगो’ या कार्टून मालिकेतला त्यांचा आवाज अनेकांना माहीत असेल. १९९७ मध्ये मात्र ‘ऑझ’ ही तुरुंगावरची कठोर मालिका आली, आणि सहा पर्वे त्यांनी सिस्टर पीट ही जोगीण आणि मानसशास्त्रज्ञ उभी केली. वय पासष्टच्या पुढे, अंगावर साधे कपडे, नाच नाही, गाणे नाही. खुन्यासमोर बसून ऐकायचे, एवढेच काम. ऐकणे हा अभिनय आहे असे आपण सगळेच सांगतो. ते पाहायचे असेल तर सिस्टर पीटचे प्रवेश पाहा.

२०१७ मध्ये ‘वन डे अ‍ॅट अ टाइम’ सुरू झाले तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या. निर्माते नॉर्मन लिअर यांची जुनी मालिका नव्याने एका क्यूबन-अमेरिकी कुटुंबावर बेतली होती, आणि आजी लिडिया मोरेनो यांची. तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून एक बारीक गोष्ट सांगते. लिडियाचा पलंग दिवाणखान्यालगत पडद्याआड आहे. घरात काही घडले की ती दोन्ही हातांनी पडदा सारून प्रकट होते, पूर्ण रंगभूषेत, जणू नाटकाचा तिसरा अंक सुरू झाला. ही मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे, त्यामुळे त्या प्रवेशाला येणारा हशा खरा आहे, आणि हशा ओसरण्याच्या नेमक्या क्षणी पुढचे वाक्य टाकण्याची त्यांची सवय सत्तर वर्षांच्या प्रयोगांची आहे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात लिडिया रुग्णालयात बेशुद्ध आहे. घरातला एकेक माणूस तिच्या उशाशी येऊन बोलतो, आणि जवळजवळ सगळा भाग ही बाई निश्चल पडून असते. शेवटी तिचा दिवंगत नवरा तिला न्यायला येतो, दोघे नाचतात, आणि ती त्याला सांगते : अजून नाही. तिसऱ्या पर्वानंतर नेटफ्लिक्सने मालिका बंद केली. दुसऱ्या वाहिनीने ती पुढे आणखी एक पर्व चालवली.

तुमचा शेवटचा प्रश्न, नेमके काय पाहावे, याचे उत्तर मी एका जोडीने देते. १९६१ चा डॉकच्या दुकानातला प्रवेश आधी पाहा, आणि लगेच स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०२१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’तला तोच प्रवेश. नव्या चित्रपटात डॉक वारलेला आहे आणि दुकान त्याची विधवा व्हॅलेंटिना चालवते. ही भूमिका मोरेनो यांच्यासाठी लिहिली गेली, त्या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्याही होत्या. अनिता झालेल्या अरियाना डीबोस यांनाही पुढे याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. ‘समव्हेअर’ हे गाणे जुन्या चित्रपटात प्रेमिकांचे होते, इथे ते एकट्या व्हॅलेंटिनाला दिले आहे, आणि या वेळी आवाज त्यांचा स्वतःचा, म्हातारा, थोडा कापरा. चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना नव्वद वर्षे पूर्ण झाली.

दुकानातल्या प्रवेशात जेट्सची पोरे अनितावर तुटून पडतात तेव्हा आता आत येऊन त्यांना थांबवणारी बाई रिटा मोरेनो आहेत. या मुलांना तिने लहानपणापासून पाहिलेले आहे. ती ओरडत नाही. ते जे करत होते त्याला जो शब्द आहे तो शब्द ती उच्चारते, आणि मुले खाली पाहू लागतात. मी हा प्रवेश वर्गात दाखवते तेव्हा दिवे लगेच लावत नाही.